बेरीज की वजाबाकी? : शाब्दिक उदाहरणांचे अध्यापन

प्राथमिक शाळेत गणिताच्या तासाला शिक्षकांच्या कानी वारंवार पडणारा एक प्रश्न आहे : "गुरुजी, बेरीज करायची की वजाबाकी?" फळ्यावर उदाहरण लिहून होते न होते तोच हा प्रश्न येतो. दोन शिक्षकी शाळा असते. पलीकडच्या ओळीत पहिलीची मुले गलका करीत असतात. अशा घाईत शिक्षक "वजाबाकी" एवढा एकच शब्द उच्चारतो आणि बहुतेक वह्यांत उत्तर बरोबर येते. तास चांगला झाला असे वाटते. वस्तुतः त्या तासात उदाहरण सोडविले ते शिक्षकाने. मुलांनी केवळ आकडेमोड केली.

जुनी माणसे अशा गणितांना इबारती उदाहरणे म्हणत. इबारत म्हणजे लिहिलेला मजकूर. या नावातच अध्यापनाची दिशा सांगितलेली आहे. मजकूर समजून घेणे हे येथे पहिले काम, आकडेमोड हे नंतरचे. पहिले काम टाळून दुसऱ्याकडे धाव घेण्याची सवय मुलांस लागते आणि ती केवळ आपल्याकडेच लागते असे नाही. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे १९७९-८० च्या सुमारास मुलांस असा प्रश्न घालण्यात आला की, जहाजावर २६ मेंढ्या व १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? या प्रश्नास उत्तरच नाही. तथापि ९७ मुलांपैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांची काही ना काही क्रिया करून कप्तानाचे वय सांगितले. ही मुले मंदबुद्धीची नव्हती. गणितात दोन आकडे दिले की त्यांचे काहीतरी करावयाचे असते, एवढेच ती शाळेत शिकली होती.

खुणेच्या शब्दांचा मोह

ही सवय पुष्कळदा शिक्षकांच्या सदिच्छेतूनच जन्म पावते. "एकूण" आले की बेरीज, "उरले" आले की वजाबाकी, "प्रत्येकी" आले की भागाकार, अशा खुणा मुलांस पाठ करून दिल्या जातात. पुढील उदाहरण पाहावे :

गंगूने टोपलीतील १८ अंडी विकली. आता तिच्याजवळ २४ अंडी उरली. प्रथम टोपलीत किती अंडी होती?

"विकली" आणि "उरली" या दोन्ही शब्दांवरून मूल २४ मधून १८ वजा करते व ६ हे उत्तर लिहिते. खरे उत्तर ४२ आहे. दुसरे उदाहरण असे : रामूजवळ ३५ गोट्या आहेत. त्या श्यामूच्या गोट्यांपेक्षा ८ ने अधिक आहेत. श्यामूजवळ किती? "अधिक" हा शब्द वाचून मूल ४३ म्हणते. खरे उत्तर २७. खुणेचा शब्द कधी वाट दाखवितो, कधी चुकवितो. परंतु त्याच्यावर विसंबणारे मूल वाक्य वाचण्याचेच सोडून देते, ही त्यातील मोठी हानी होय.

बाजारातील हिशोब आणि वहीतील हिशोब

आठवड्याच्या बाजारी आईच्या शेजारी बसून भाजी विकणारा चौथीतील मुलगा अनेक शिक्षकांच्या परिचयाचा असेल. २० रुपये किलोची वांगी दीड किलो दिली आणि गिऱ्हाइकाने ५० रुपयांची नोट पुढे केली, तर २० रुपये परत करावयाचे हे त्यास क्षणात उमगते. हाच मुलगा सोमवारी वर्गात तशाच उदाहरणापुढे मुकाट बसतो आणि त्याच्या नावापुढे "गणितात कच्चा" असा शेरा पडतो.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व कोलकाता येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास करून २०२५ मध्ये तो प्रसिद्ध केला. बाजारात अचूक हिशोब करणारी मुले शालेय पद्धतीच्या गणितांत अडखळतात आणि शाळेत शिकणारी मुले बाजारी हिशोबात अडखळतात, असे त्यात आढळले. बाजार व वही यांच्यामध्ये पूल आपोआप पडत नाही. तो शिक्षकास बांधावा लागतो आणि शाब्दिक उदाहरण हेच त्यासाठी हाताशी असलेले साधन आहे.

पाठाचा क्रम

१. प्रथम आकडे झाकावेत. उदाहरण आकड्यांवाचून सांगावे : "गंगूने काही अंडी विकली, काही उरली." मग विचारावे, "टोपलीत अंडी आधी जास्त होती की आता?" सगळा वर्ग एका आवाजात "आधी" म्हणेल. एवढे कळल्यावर ६ हे उत्तर मुलांस स्वतःलाच पटणार नाही.

२. मुलाने उदाहरण आपल्या शब्दांत सांगावे. पुस्तकातील भाषा प्रमाण मराठी असते; घरची भाषा अहिराणी, मालवणी, गोंडी वा कोरकू असू शकते. "प्रत्येकी", "शिल्लक", "दराने" हे शब्दच मुलास अपरिचित असतील तर त्याची चूक गणिताची नसून शब्दाची आहे. घरच्या बोलीत सांगू द्यावे, हसू नये, इतरांस हसू देऊ नये.

३. चित्र काढावे. रामूच्या गोट्यांसाठी एक लांब पट्टी, तिच्याखाली श्यामूची आखूड पट्टी आणि दोहोंतील फरक ८. पट्ट्या डोळ्यांपुढे असल्या म्हणजे "अधिक" हा शब्द फसवीत नाही. चित्र जमत नसेल तेथे चिंचोके मांडावेत. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या 'लीलावती'तील अनेक उदाहरणांतही भुंगे, हंस, मोडलेला बांबू अशी चित्रे प्रथम उभी राहतात आणि संख्या त्या चित्रात येऊन बसतात.

४. क्रिया निवडून कारण सांगावे. "बेरीज का?" या प्रश्नास "कारण विकलेली आणि उरलेली मिळून आधीची अंडी होतात" असे उत्तर आले पाहिजे. "गुरुजींनी सांगितले म्हणून" हे उत्तर स्वीकारू नये.

५. उत्तर पुन्हा गोष्टीत ठेवून पाहावे. भागाकाराच्या उदाहरणांत याची फार गरज असते. ११० मुले सहलीस जावयाची आहेत, एका गाडीत ४० बसतात, तर गाड्या किती? ४० रुपयांची एक वही, ११० रुपयांत वह्या किती? त्याच व्यवहारात उरलेले रुपये किती? तिन्ही ठिकाणी भागाकार एकच : भाग २, बाकी ३०. उत्तरे मात्र ३ गाड्या, २ वह्या व ३० रुपये अशी निरनिराळी आहेत. पहिल्यात २ लिहिणारे मूल ३० मुलांस रस्त्यावर सोडून देते, हे त्यास हसत खेळत दाखवून द्यावे.

वेळेचा प्रश्न

इतके करावयाचे तर पुस्तक पुरे कसे होणार, अशी शंका शिक्षकांच्या मनात येईल व ती रास्त आहे. त्यावर उपाय असा की, एका तासाला दहा उदाहरणांऐवजी तीनच घ्यावीत : एक सर्वांनी मिळून, एक जोडीने, एक एकट्याने. आठवड्यातून एकदा क्रम उलटा करावा. फळ्यावर "३६ ÷ ४" एवढेच लिहावे आणि त्यावर प्रत्येकाने आपल्या घरातील वा शेतातील उदाहरण रचावे. बाजारात बसणाऱ्या मुलास त्या दिवशी सांगण्यासारखे सर्वांत अधिक असते. जोडवर्गाच्या शाळेत हे काम विशेष सोयीचे पडते, कारण एक वर्ग उदाहरणे रचीत असता शिक्षकास दुसऱ्याकडे लक्ष देता येते.

मूल्यमापन करतानाही केवळ शेवटच्या आकड्यावर गुण देऊ नयेत. चित्र बरोबर, क्रिया बरोबर, पण हातचा विसरला, अशा मुलास उदाहरण समजले आहे. उलट, शेजाऱ्याच्या वहीतून बरोबर आकडा उतरवून घेणाऱ्यास ते समजलेले नाही.

हीच मुले उद्या खताच्या गोणीवरील प्रमाण वाचतील, पतपेढीच्या कागदावर सही करतील, आजारी मुलास दिवसाकाठी किती औषध द्यावयाचे ते ठरवतील. त्या वेळी "बेरीज की वजाबाकी?" हे विचारण्यास जवळ गुरुजी नसतील. म्हणून तो प्रश्न वर्गात आला म्हणजे शिक्षकाने उत्तर देण्याची घाई करू नये. "गोष्टीत काय घडले ते आधी सांग बरे," असे म्हणावे आणि मूल बोलेपर्यंत थांबावे.