जुन्या गाडीला दुसरा कार्ब लावताना

जुन्या गाडीत काही बिनसलं की पहिला आळ कार्बोरेटरवर येतो. सकाळी गाडी सुरू होत नाही, कार्ब. रेस दिली की हुकते, कार्ब. पेट्रोल जास्त पिते, कार्बच. बोनेटखाली तासाभरात उतरवून बदलता येणारी वस्तूही तीच, त्यामुळे गॅरेजवाल्याला तोच उपाय जवळचा वाटतो. आमच्या घरच्या पद्मिनीचं असंच झालं आणि प्रकरण जळलेल्या व्हॉल्व्हपर्यंत, इंजिनाचं हेड उतरवण्यापर्यंत गेलं. जुनी फियाट, ॲम्बॅसेडर जिवापाड जपणारी माणसं महाराष्ट्रात अजून पुष्कळ आहेत. त्यांच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून लिहितो आहे.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९६४ साली फियाट ११०० डिलाइट बनू लागली. तीच पुढे पद्मिनी झाली आणि २००० च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं साधं, कष्टाळू इंजिन. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी त्याच्याकडून किती काम करून घेतलं हे सगळ्यांनी पाहिलंय. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. टॅक्सी होत्या तोवर स्पेअर पार्टला गिऱ्हाईक होतं आणि म्हणून दुकानदार माल ठेवत होते. आता पद्मिनीच्या मूळ सोलेक्स कार्बची नवी खोकी शोधावी लागतात. हाती उरतात ते पर्याय असे: आहे तोच कार्ब दुरुस्त करायचा, जुन्या बाजारातून त्याच जातीचा दुसरा आणायचा, मधे पट्टी टाकून मारुती ८०० चा बसवायचा, नाहीतर बाहेरून वेबर मागवायचा.

आमची गाडी १९८४ ची, बाबांनी घेतलेली. थंड इंजिनावर झटके देते अशी तक्रार घेऊन ती एका गॅरेजमध्ये गेली. तिथे सांगण्यात आलं, “साहेब, तुमचा कार्ब संपला. माझ्याकडे रिकंडिशन केलेला सोलेक्स आहे, तो टाकतो. ॲव्हरेजपण वाढेल.” कार्ब बसला. शहरात गाडी सुरेख चालायला लागली. स्लोवर एकसारखी टिकटिक, पीयूसीची पावती स्वच्छ, पेट्रोलही खरोखर कमी लागत होतं. नाव ठेवायला जागा नव्हती.

मग वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात सेकंड गिअरवर भार पडला आणि कार्बमधून फट्‌फट् आवाज यायला लागले. पेडल जितकं दाबावं तितकी ताकद कमी. सोडलं की जरा बरी. काटा लालकडे सरकलेला. गॅरेजला फोन केला तर उत्तर आलं की उंचीमुळे होतं, पुण्यात आल्यावर ठीक होईल.

हे उत्तर अनेकांना मिळालेलं असेल, म्हणून इथे जरा थांबतो. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटरवर आहे. तिथे हवा साधारण बारा टक्क्यांनी विरळ असते. साधा कार्ब पेट्रोल मोजतो तो हवेच्या वेगावर. हवा विरळ झाली म्हणून पेट्रोल त्याच प्रमाणात कमी होत नाही, त्यामुळे उंचीवर मिश्रण थोडं रिचच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. म्हणजे वर जाताना गाडी काळा धूर टाकेल, जड वाटेल, पण लीन होऊन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, कार्बमधून उलटे आवाज काढणार नाही. उंची मदतीला असूनही आमची गाडी लीन पडत होती. याचा अर्थ खाली सपाटीवर, भरल्या गाडीने, ती त्याहून लीन चालत होती आणि शहरात कोणाला ते कळायचं कारणच नव्हतं. पीयूसीची तपासणी गाडी उभी असताना होते. स्लोवर पेट्रोल येतं ते आयडल जेटमधून. मेन जेट त्या वेळी कामावरच नसतो. पीयूसीची पावती उत्तम आली म्हणजे कार्ब उत्तम, असं धरून चालू नका.

पुढे नाना पेठेतल्या एका जाणत्या मिस्त्रींनी कार्ब उघडला. मेन जेट काढून त्यांनी तो उजेडाकडे धरला आणि भिंग माझ्या हातात दिलं. पितळी जेट, त्यावर १२५ हा आकडा ठसठशीत. भोकाच्या कडेला मात्र करड्या रंगाचं कडं, आणि भोक मध्यावर नव्हतं, किंचित एका अंगाला. जुनं भोक डाख देऊन बुजवलं होतं आणि नवं बारीक पाडलं होतं. ॲव्हरेज वाढलं ते यामुळे. मिस्त्रींनी १.१५ मिलिमीटरचा ड्रिल उलटा करून दांड्याच्या बाजूने आत घालून पाहिला. गेला नाही.

सोलेक्स किंवा वेबरच्या जेटवरचा आकडा म्हणजे ढोबळमानाने भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२५ म्हणजे १.२५ मिलिमीटर. व्यास १.१५ वर आणला तर तो आठ टक्क्यांनीच घटतो, पण पेट्रोलची वाट व्यासाच्या वर्गाने घटते, म्हणजे पंधरा टक्क्यांहून जास्त. त्यात हल्लीचं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला साधारण १३.५ किलो. त्याच जेटमधून हे नवं पेट्रोल दिलं तरी इंजिन सात-आठ टक्क्यांनी लीन होतं. दोन्ही मिळून आमच्या इंजिनाचा घास केवढा काढून घेतला गेला होता, ते लक्षात येईल. लीन मिश्रण सावकाश जळतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडायची वेळ येते तेव्हाही ज्वाला चालूच असते आणि व्हॉल्व्हची कड तिच्यात भाजून निघते. हेड उतरवल्यावर एका व्हॉल्व्हची कड चिरून गेलेली दिसली. त्या सिलिंडरला कॉम्प्रेशन उरलंच नव्हतं.

सगळ्यात वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. मूळ तक्रार होती थंड इंजिनाच्या झटक्यांची. ती पॉइंटचा गॅप आणि कंडेन्सर यांची निघाली. आमचा मूळ कार्ब संपलेला नव्हताच.

म्हणून माझं पहिलं आणि सर्वात आग्रहाचं सांगणं हे, की कार्ब बदलायच्या आधी तो खरोखर गेला आहे हे सिद्ध करून घ्या. पॉइंट, कंडेन्सर, टायमिंग, प्लग, टॅपेट आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन आधी पाहून घ्या. पेट्रोल पंपाचा डायफ्राम पाहा. मग कार्बकडे वळा. थ्रॉटलचं स्पिंडल बोटांत धरून वर-खाली हलवा. प्ले जाणवला तर तिथून गाडी एअर घेते आणि स्लो कधीच स्थिर होत नाही. स्लोवर मिक्श्चरचा स्क्रू फिरवल्याने काहीच फरक पडत नसेल तर तोही इशारा. फ्लँज वाकलाय का हे स्टीलची पट्टी धरून पाहा. नट आवळून आवळून जुने फ्लँज मधे उचलले जातात आणि पॅकिंग कितीही बदललं तरी हवा शिरतेच. यातलं बहुतेक दुरुस्त होतं. स्पिंडलला पितळी बुश मारता येतात, फ्लँज काचेवर एमरी पेपर ठेवून घासून सपाट करता येतो, निडल, फ्लोट आणि पॅकिंगचा संच बदलता येतो. बॉडीला तडा गेला असेल, जस्ताच्या मिश्रधातूला पांढरी बुरशीसारखी झीज लागून आतल्या वाटा खाल्ल्या गेल्या असतील, किंवा जेटचे आटे गेले असतील, तरच दुसऱ्याचा विचार करा. पैसे घालायचेच तर चांगल्या टर्नरकडून बुश मारून घेण्यात घाला, असं माझं मत आहे.

दुसरा घ्यायचाच झाला तर त्याच जातीचा, त्याच गाडीचा घ्या. सोलेक्स म्हटलं की सगळे सारखे, असं दुकानात सांगतात. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या बॉडीत व्हेंच्युरी वेगळी, मेन जेट वेगळा, एअर करेक्शन जेट वेगळा, ॲक्सिलरेटर पंपाचा टोला वेगळा, निडल व्हॉल्व्हच्या सीटचं भोक वेगळं असू शकतं. तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला आकड्यांचा तक्ता बरोबर न्या. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईला चोर बाजारात कार्ब हातात घेतलात, तर पैसे देण्याआधी जेट काढून दाखवायला सांगा, भिंगातून पाहा. डाखाचं कडं दिसलं, भोक लंबगोल दिसलं, तार घालून साफ केल्याचे ओरखडे दिसले, तर नवे जेट घ्यावे लागणार हे धरूनच भाव करा. रिकंडिशन केलेला आहे म्हणजे बहुधा बाहेरून चमकवलेला आहे.

वेबरचा मोह अनेकांना होतो आणि तो मला समजतो, कारण वेबर हा फार सुंदर कार्ब आहे. पण मोजमाप काढून पाहा. १०८९ सीसीचं चार स्ट्रोकचं इंजिन मिनिटाला ५००० फेरे फिरताना, सिलिंडर ८५ टक्के भरतात असं धरलं, तर मिनिटाला सुमारे २३०० लिटर हवा ओढतं. वेबर ३२/३६ हा लोकप्रिय दोन बॅरलचा कार्ब २६ आणि २७ मिलिमीटरच्या व्हेंच्युरींचा. २००० सीसीच्या फोर्डसारख्या गाड्यांवर तो वापरला जात असे. दोन्ही बॅरल उघडल्यावर एवढ्याशा इंजिनाची हवा त्यातून रेंगाळत जाते. वेग नाही म्हणून ओढ नाही, ओढ नाही म्हणून पेट्रोल नीट फवारलं जात नाही. पेडल दाबलं की गाडी क्षणभर गप्प बसते. तो खड्डा भरून काढायला मिस्त्री जेट मोठे करतो, मग न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली संपमध्ये उतरतं. ऑइलच्या काडीला पेट्रोलचा वास यायला लागला की हे चालू झालंय असं समजा. स्वस्तातल्या नकलाही बाजारात भरपूर आहेत. त्यांच्यात जेटवरचा आकडा आणि आतलं भोक यांचा मेळ असेलच असं नाही.

मारुती ८०० चा कार्ब अनेक पद्मिनींवर बसलेला आहे आणि काही चांगल्या चालतातही. तो ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरसाठी जमवलेला आहे, त्यामुळे जेट नव्याने बसवून घेतल्याशिवाय तो तसाच चालवू नये. अडचणी जास्त येतात त्या जोडकामात. मधली ॲडॉप्टर पट्टी जाड, सपाट आणि दोन्ही बाजूंनी फेस केलेली हवी. पत्र्याचा तुकडा कापून, ग्रीस लावलेलं कागदी पॅकिंग घालून भागत नाही. मूळ कार्बखाली उष्णता अडवणारा फायबरचा ठोकळा असतो, तो पुष्कळदा उंची वाढते म्हणून काढून टाकतात. मग उन्हाळ्यात सिग्नलला गाडी बंद केली की फ्लोटमधलं पेट्रोल उकळतं आणि ती परत सुरू होत नाही. डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्युम ॲडव्हान्स असेल, तर नळी कुठे जोडताय ते पाहा. मूळ छिद्र थ्रॉटलच्या पाकळीच्या किंचित वर असतं, स्लोवर तिथे ओढ नसते. पाकळीखालच्या छिद्राला नळी लावली तर स्लोवरच टायमिंग पुढे जातं आणि मग सगळं सेटिंगच फसवं होतं. इलेक्ट्रिक पंप बसवला असेल तर त्याचा दाब गेजवर मोजा. जास्त दाबापुढे फ्लोटची निडल टिकत नाही, कार्ब ओव्हरफ्लो होतो, आणि पेट्रोल गरम एक्झॉस्टवर ठिबकणं म्हणजे काय हे सांगायला नको. याच कारणासाठी रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घ्या. जुन्या नळ्या आतून चिकट होतात, त्यांचे कण जेटमध्ये अडकतात, आणि मग पुन्हा आळ कार्बवर.

बसवल्यावर गल्लीत चक्कर मारून पैसे देऊ नका. चढ हवा आणि गाडीत माणसं हवीत. मोकळ्या, सरळ चढावर टॉपच्या खालच्या गिअरमध्ये पूर्ण पेडलने मिनिटभर ओढा, मग क्लच दाबून इंजिन बंद करा, चावी स्विचमध्येच ठेवून गाडी सुरक्षित कडेला घ्या आणि प्लग काढून पाहा. पांढराफटक, कडेला भाजलेला म्हणजे लीन. कोरडा काजळीचा म्हणजे रिच. हल्लीच्या पेट्रोलवर प्लगचा रंग पूर्वीइतका बोलका राहिलेला नाही, म्हणून शक्य असेल तर एक्झॉस्टला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावणारा माणूस गाठा. त्याला एअर-फ्युएल रेशोऐवजी लॅम्डामध्ये आकडे दाखवायला सांगा, कारण इथेनॉलमुळे १४.७ हा जुना आकडा आता लागू पडत नाही. लॅम्डा एक म्हणजे पेट्रोल पूर्ण जळायला लागते नेमकी तेवढीच हवा, एकच्या खाली रिच, वर लीन. पूर्ण भाराखाली लॅम्डा ०.८५ ते ०.९ च्या दरम्यान असावा. चढावर तो एकच्या वर जात असेल तर गाडी तिथून पुढे नेऊ नका.

आणि हे सगळं करण्याआधी, इंजिन बंद असताना, एकाला पेडलवर बसवून दुसऱ्याने बोनेटखाली पाहावं. पेडल पूर्ण दाबल्यावर पाकळी पूर्ण उघडते का, सोडल्यावर टक्कन बंद होते का, एअर क्लीनरच्या बुडाला किंवा चोकच्या तारेला लिंकेज कुठे अडकतं का. परक्या गाडीच्या कार्बवर रिटर्न स्प्रिंग दोन लावा, एक तुटली तरी दुसरी थ्रॉटल मिटवेल अशा. आमच्या पद्मिनीवर आता तिचा मूळ सोलेक्स बुश मारून परत बसलाय, स्प्रिंगा दोन आहेत, आणि मेन जेट इथेनॉलच्या हिशेबाने एक पायरी मोठा. त्याचा आकडा, तारीख आणि पसरणी घाटातला लॅम्डा बोनेटच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवलाय, म्हणजे पुढचा मिस्त्री अंदाजाने हात घालणार नाही.