करटोलीचा 'वांझ' वेल

मृगाचा पाऊस पडून जमीन भिजली कीं बांधावर, कुंपणावर व रानांतील झुडुपांवर करटोलीचे वेल चढूं लागतात. हिंवाळ्यांत वेल सुकून जातो. परंतु जमिनींतील कंद जिवंत राहतो व पुढील पावसाळ्यांत पुनः फुटतो. ह्यास कोणी करटोली, कोणी कंटोली, विदर्भांत काटवल व गोमंतकांत फागलां म्हणतात. न पेरतां मिळणारी ही श्रावणांतील भाजी बाजारांत चांगल्या भावानें खपते. म्हणूनच तिजविषयींची एक चुकीची समजूत दूर होणें अगत्याचें आहे.

कांहीं वेलांवर फुलें पुष्कळ येतात, पण फळ एकही धरत नाहीं. अशा वेलास 'वांझ करटोली' म्हणतात व निरुपयोगी समजून उपटून टाकतात. 'वंध्या कर्कोटकी' ह्या नांवानें त्याचा कंद औषधाकरितांही खणला जातो. वस्तुतः हा वेल वांझ नसून नर होय. पपईप्रमाणेंच करटोलीचीं नर व मादी फुलें निरनिराळ्या वेलांवर येतात. नराचा पराग न मिळाल्यास मादी फुलें गळून पडतात. सारांश, जो वेल फळ देत नाहीं, त्याच्यावरच शेजारच्या वेलाचें फळ अवलंबून असतें.

दोन्ही वेल ओळखणें सोपें आहे. मादी फुलाच्या खालीं लहानसें कांटेरी फळ आरंभापासून दिसतें. नर फुलास तें नसतें; त्याच्या देठावर कळीला वेढणारें द्रोणासारखें हिरवें पान असतें. फुलें पिवळीं असून सायंकाळीं उमलतात. फळधारणा कमी वाटल्यास उमललेलें नर फूल तोडून त्याचे पुंकेसर मादी फुलाच्या कुक्षीवर हलकेच टेकवावे.

लागवड करणें असल्यास कंद लावावे. बी उशिरां रुजतें, आणि वेल नर कीं मादी हें फूल येईपर्यंत कळत नाहीं. पावसाळ्यांत वेलांजवळ खुणेच्या काठ्या रोवून ठेवाव्या व पुढील पावसापूर्वीं कंद काढून लावावे. आठ ते दहा मादी वेलांमागें एक नर पुरे.

भाजीसाठीं कोंवळीं, हिरवीं फळें घ्यावीं. कारल्याइतका कडूपणा नसल्यानें मीठ लावून पिळण्याचें कारण नाहीं. फळें धुऊन, चिरून, जून बिया काढाव्या. मोहरी, हिंग व हळद ह्यांच्या फोडणींत कांदा, हिरवी मिरची, भिजविलेली हरभऱ्याची डाळ व काप परतून, पाणी न घालतां वाफेवर शिजवावे. शेवटीं ओलें खोबरें घालावें. शेंगदाण्याचें कूट व तिखटमीठ भरून अखंड करटोलींही करतात. गोमंतकांत काप रव्यांत घोळवून तव्यावर भाजतात.

सर्वच फळें तोडूं नयेत. दोनचार वेलावर पिकूं द्यावीं. पिवळीं होऊन तीं उकलतात व आंतील तांबडें बी रानांत पसरतें. आणि कुंपण साफ करतांना कोयता उचलण्यापूर्वीं फुलाच्या देठाकडे एकवार अवश्य पाहावें.