मनाचा ताण आणि तोंडाचा कर्करोग

परीक्षेच्या काळजीने जखम उशिरा भरते, असे कोणी सांगितले तर तुम्हांला पटेल काय? अमेरिकेत दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांवर असा प्रयोग झाला. प्रत्येकाच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची जखम केली. एकदा उन्हाळ्याच्या सुटीत आणि एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी ४० टक्के अधिक वेळ लागला! हे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले.

असे का व्हावे? जखम होताच रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धावतात आणि सायटोकाइन नावाची प्रथिने सोडून इतर पेशींना बोलावतात. जागा लाल होते, सुजते, दुखते. हाच दाह. काम संपले की तो शमतो. मनावर ताण आला, की मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल जास्त स्रवते व पांढऱ्या पेशींना आवरते. मग जखम रेंगाळते. ताण फार दिवस टिकला, तर मात्र हा लगामही सैल पडू शकतो आणि शरीरात मंद दाह धुमसत राहतो.

आता तंबाखू-सुपारी चघळणाऱ्याचे तोंड पाहा. आतील नाजूक त्वचा रोज दुखावते. तेथील दाह शमतच नाही. तंबाखू-सुपारीतील घातक द्रव्ये पेशींचा डीएनए बिघडवतात आणि दाह बिघडलेल्या पेशींच्या वाढीला खतपाणी घालतो. अशा पेशी हुडकून मारणाऱ्या पांढऱ्या पेशींचा पहारा दीर्घ ताणाने ढिला पडू शकतो.

हा रस्ता दुहेरी आहे. सायटोकाइनांचे संदेश मेंदूपर्यंतही पोचतात. तापात खावेसे, खेळावेसे वाटत नाही, ते बरेचसे यामुळेच. कर्करोग्याच्या उदासीनतेतही यांचा वाटा असू शकतो. म्हणून तिच्यावरही उपचार हवेत.

मग काळजीनेच तोंडाचा कर्करोग होतो काय? तसे सिद्ध झालेले नाही. आपल्याकडे मुख्य अपराधी तंबाखू आणि सुपारीच. तेव्हा "काळजी केलीस म्हणून रोग झाला" असा बोल रोग्याला कधीही लावू नका. आणि अभ्यासाचा ताण घालवायला कोणी सुपारीची पुडी पुढे केली, तर ठाम नकार द्या. घरात कोणाच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, अथवा दोन आठवड्यांत जखम भरली नाही, तर त्यांना डॉक्टरांकडे नेण्याचा आग्रह धरा. वेळीच ओळखलेला हा रोग बरा होऊ शकतो.