गोदावरी नावाची तीन जहाजे

आमच्या वर्गात एकाच नावाच्या दोन मुली आहेत. म्हणून गुरुजी त्यांना हजेरी नंबरानं ओळखतात. जहाजांचं पण तसंच असतं. माल नेणाऱ्या दोन जहाजांचं नाव एकच असू शकतं. म्हणून मोठ्या जहाजाला सात आकडी नंबर देतात. नाव बदललं, मालक बदलला तरी तो नंबर बदलत नाही.

नौदलात आणखी एक रीत आहे. जुने जहाज गेले की त्याचे नाव नव्या जहाजाला देतात. आपल्या नांदेडवरून वाहणाऱ्या गोदावरीचे नाव असे तीन युद्धनौकांना मिळाले. लातूरची मांजरा नदी पण पुढे गोदावरीलाच मिळते. म्हणून हे नाव दोन्ही जिल्ह्यांचे आहे.

पहिली गोदावरी इंग्लंडमध्ये बांधली. ती 1943 साली नौदलात आली. तेव्हा आपल्यावर इंग्रजांचे राज्य होते. फाळणी झाली तेव्हा जहाजांची पण वाटणी झाली. ही गोदावरी पाकिस्तानला गेली आणि तिचे नाव सिंध झाले.

दुसरी गोदावरी हे इंग्रजांचे जुने जहाज होते. त्याचे आधीचे नाव बेडेल. ते 1953 साली भारताला मिळाले. त्याच्यासोबतच्या दोन जहाजांना गोमती आणि गंगा ही नावे दिली. आमच्याकडे म्हातारी माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात! ही दुसरी गोदावरी 1976 साली मालदीव बेटांजवळ रुतून बसली. पुढे तिला मोडीत काढले.

तिसरी गोदावरी मात्र आपली स्वतःची. तिचा नकाशा भारतात काढला आणि ती मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली. 10 डिसेंबर 1983 रोजी ती नौदलात दाखल झाली. तिची लांबी सुमारे 126 मीटर होती. मोठ्यांचे कबड्डीचे मैदान 13 मीटर लांब असते. अशी जवळजवळ दहा मैदाने एकापुढे एक ठेवा, तेवढी लांब! तिच्यावर दोन हेलिकॉप्टर राहायचे. तिच्या बहिणींची नावे पुन्हा गंगा आणि गोमती हीच ठेवली.

नोव्हेंबर 1988 मध्ये मालदीववर भाडोत्री हल्लेखोर चालून आले. भारताचे सैनिक विमानाने मदतीला गेले. तेव्हा काही हल्लेखोर प्रोग्रेस लाइट नावाचे मालवाहू जहाज बळकावून, माणसांना ओलीस धरून पळाले. आपल्या गोदावरी आणि बेटवा या नौकांनी त्यांचा पाठलाग केला आणि त्यांना पकडले. ज्या मालदीवजवळ दुसरी गोदावरी रुतली, त्याच मालदीवच्या मदतीला तिसरी गोदावरी धावली.

32 वर्षे काम करून ती 23 डिसेंबर 2015 रोजी निवृत्त झाली.

विक्रांत हे विमानवाहू जहाज 1997 साली निवृत्त झाले होते. 2022 साली नवी विक्रांत आली आणि नाव परत समुद्रावर गेले. तशी चौथी गोदावरी पण यावी असे मला वाटते. आपल्या जिल्ह्यात समुद्र नाही, पण आपल्या नदीचे पाणी समुद्रालाच जाते. मग तिचे नाव का जाऊ नये?

सांगा पाहू :
1. पहिल्या गोदावरीचे नाव पुढे काय झाले?
2. तिसरी गोदावरी कोठे बांधली?
3. 1943 ते 1983 म्हणजे किती वर्षे?