कारभाऱ्याने हिशेब कोणाला द्यायचा?



मत दिले, माणूस निवडून गेला, म्हणजे लोकांचे राज्य झाले, असे पुष्कळांना वाटते. पण तेवढ्याने भागते का? या पाठात आपण एका दूर देशाची हकिकत वाचू. तिथे मत होते. निवडून दिलेली सभाही होती. तरी कारभार लोकांच्या हाती नव्हता. तो हाती यायला नव्वद वर्षे लागली.

वसाहत म्हणजे काय?

अमेरिका खंडाच्या उत्तरेला कॅनडा नावाचा मोठा देश आहे. तिथे मूळचे रहिवासी फार पूर्वीपासून राहत होते. पुढे फ्रान्समधून आणि इंग्लंडमधून लोक जहाजांनी तिकडे गेले. त्यांनी मूळ लोकांच्या जमिनी घेतल्या, शेती केली, गावे वसवली. परमुलखात जाऊन केलेल्या अशा वस्तीला वसाहत म्हणतात.

त्या भागात इंग्रजांच्या अशा अनेक वसाहती होत्या. समुद्रकाठची नोव्हा स्कोशिया ही त्यांपैकी एक. तिची राजधानी हॅलिफॅक्स. राज्य इंग्लंडच्या राजाचे. राजाच्या वतीने त्याने पाठवलेला गव्हर्नर कारभार पाहत असे.

सभा होती, सत्ता नव्हती

१७५८ साली हॅलिफॅक्सला लोकांनी निवडलेली सभा भरली. मत फक्त जमीनजुमला असलेल्या पुरुषांना होते. सभेत भाषणे होत. ठराव होत. पण गव्हर्नरला सल्ला देणारे एक कौन्सिल होते. त्यात बारा माणसे. ती निवडून आलेली नव्हती, वरून नेमलेली होती. बडे व्यापारी, बँकेचे भागीदार, धर्मगुरू, न्यायाधीश असे लोक त्यात बसत. त्यांची बैठक दार लावून चाले.

सभेने केलेला कायदा या बारांना नको असला, तर तो तिथेच अडे. सभा रागावली तरी एकाचीही जागा जात नसे. लोक कर भरत, पण हिशेब पुसायची सोय नव्हती. कुंपणच शेत खाऊ लागले, तर धन्याने दाद कोणाकडे मागायची?

एका संपादकाचा खटला

हॅलिफॅक्सला जोसेफ हाउ नावाचा वर्तमानपत्राचा संपादक होता. १८३५ साली त्याने एक पत्र छापले. शहराचे कारभारी लोकांचा पैसा खातात, असे त्यात लिहिले होते. सरकारने त्याच्यावर खटला भरला. वकील म्हणाले, यातून सुटका नाही. तेव्हा हाउ स्वतःच कोर्टात उभा राहिला. सहा तासांवर बोलला. पंचांनी दहा मिनिटांत निकाल दिला : निर्दोष!

पुढच्याच वर्षी लोकांनी हाउला सभेत निवडून दिले. त्याची आणि त्याच्या सोबत्यांची मागणी सरळ होती. ज्यांच्या पाठीशी सभेचे बहुमत असेल, त्यांनीच कारभार करावा. बहुमत गेले, की त्यांनी खुर्ची सोडावी. याला जबाबदार राज्यपद्धती म्हणतात.

शेजारच्या वसाहतींत १८३७ साली बंड झाले. ते सरकारने मोडून काढले. कित्येकांना फाशी झाली. चौकशीसाठी इंग्लंडहून लॉर्ड डरहॅम आला. त्यानेही १८३९ च्या अहवालात हीच पद्धत सुचवली. तरी वरिष्ठांनी आणखी काही वर्षे टाळाटाळ केली.

१८४७ साली नोव्हा स्कोशियात निवडणूक झाली. हाउचा पक्ष जिंकला. जानेवारी १८४८ मध्ये सभेने जुन्या मंत्र्यांवर अविश्वासाचा ठराव केला. ते पायउतार झाले. फेब्रुवारीत नवे मंत्रिमंडळ आले. इंग्रजांच्या वसाहतींतले हे पहिले जबाबदार सरकार. एकही गोळी सुटली नाही.

गव्हर्नरची परीक्षा

त्याच वर्षी कॅनडा नावाच्या मोठ्या वसाहतीतही ही पद्धत आली. तिथे लॉर्ड एल्गिन गव्हर्नर होता. बंडाच्या वेळी ज्यांच्या घरादाराचे नुकसान झाले, त्यांना भरपाई द्यावी, असा कायदा तिथल्या सभेने केला. बड्या इंग्रज मंडळींना तो मुळीच नको होता. पण मंत्र्यांच्या मागे बहुमत होते. म्हणून एप्रिल १८४९ मध्ये एल्गिनने सही केली. चिडलेल्या जमावाने त्याच्यावर अंडी फेकली आणि माँट्रियलचे सभागृह जाळून टाकले. तरी सही मागे घेतली गेली नाही. लोकांचा शब्द वरचा, हे त्या दिवशी ठरले.

१८६७ साली चार प्रांत मिळून कॅनडाचे संघराज्य झाले. १९३१ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा करून या देशाला आपल्या बरोबरीचा मानले. राज्यघटना बदलण्याचा पूर्ण अधिकार मात्र १९८२ साली मिळाला. पायरी पायरीने हे घडले.

दुसरी बाजू

हाच एल्गिन १८६२ साली हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला. इथे लोकांनी निवडलेली सभाच नव्हती. माणूस तोच, राणीही तीच. पण गोऱ्या वसाहतीला एक न्याय आणि आपल्याला दुसरा.

कॅनडातही सर्वांना न्याय मिळाला नाही. देशाच्या निवडणुकीत बहुतेक स्त्रियांना मत मिळाले ते १९१८ साली. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात राहणाऱ्या हिंदी लोकांना १९४७ पर्यंत मत नव्हते. आणि ज्यांची ती भूमी, त्या मूळ रहिवाशांपैकी पुष्कळांना आपला कायदेशीर दर्जा न सोडता मत देता आले ते १९६० साली. स्वराज्य आले, पण दार सर्वांना एकदम उघडले नाही, हे आपण विसरू नये.

आपण काय घ्यावे?

मत देणे ही पहिली पायरी. कारभाऱ्याला हिशेब द्यायला लावणे ही दुसरी. आपल्या ग्रामपंचायतीत सरपंचावर अविश्वासाचा ठराव आणता येतो. हॅलिफॅक्सच्या सभेने १८४८ साली हेच हत्यार वापरले होते. पण हत्यार उठसूट उपसायचे नसते. आधी विचारायचे असते.

आपण आता वाचायला शिकलो आहोत. तर ग्रामसभेला जरूर जावे. जमाखर्च मागावा, स्वतः वाचावा, शेजाऱ्याला वाचून दाखवावा. न समजेल ते उभे राहून विचारावे. विचारणारा उभा राहिला, म्हणजे कारभारी जपून वागतो.

प्रश्न

१. नोव्हा स्कोशियात सभा असूनही लोकांच्या हाती सत्ता का नव्हती?
२. जबाबदार राज्यपद्धती म्हणजे काय? आपल्या शब्दांत सांगा.
३. आपल्या गावच्या पंचायतीला गेल्या वर्षी किती पैसा मिळाला आणि तो कशावर खर्च झाला? माहिती काढा आणि वर्गात सांगा.