‘पंपिंग चांगलं आहे’, मग दम का लागतो?

दोन जिने चढले की दम लागतो. संध्याकाळी पाय सुजतात. रात्री सपाट झोपलं की गुदमरतं, म्हणून दोन उशा लागतात. डॉक्टर टू-डी इको करायला सांगतात. रिपोर्टात ‘ईएफ ६० टक्के’ येतं. घरचे म्हणतात, पंपिंग चांगलं आहे, तू उगाच टेन्शन घेतेस. आणि रिपोर्ट पिशवीत जातो.

माता-भगिनींनो, त्या रिपोर्टाच्या पुढच्या ओळीही समजून घ्या. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, तर शरीराच्या गरजेला ते पुरं न पडणं. अशा साधारण निम्म्या रुग्णांचं पंपिंग चांगलंच असतं.

हृदयाची दोन कामं

हृदय आवळून रक्त बाहेर ढकलतं आणि सैल होऊन पुन्हा भरतं. बीपीच्या यंत्राचा रबरी फुगा आठवा. दाबला की हवा जाते, सोडला की फुगतो. रबर कडक झालं तर नीट फुगत नाही. वाढलेलं बीपी, मधुमेह, लठ्ठपणा आणि वय यांमुळे हृदयाची भिंत अशीच ताठर होते. याला डायस्टोलिक डिसफंक्शन म्हणतात.

ईएफ म्हणजे भरलेल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर गेलं. समजा १२० मिलिलिटर भरलं आणि ७२ बाहेर गेलं, तर ६० टक्के. फक्त ८० भरलं आणि ४८ गेलं, तरी ६० टक्केच! शिवाय ताठर हृदय भरायला जास्त दाब लागतो. तो दाब मागे फुप्फुसांवर येतो आणि दम लागतो.

इकोमध्ये काय दिसतं?

इको म्हणजे आवाजाच्या लहरींनी केलेली सोनोग्राफी. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड शहरात एडलर आणि हर्ट्झ यांनी तिची सुरुवात केली. यात एक्स-रेचे किरण नसतात, दुखत नाही, साध्या इकोसाठी उपाशीही राहावं लागत नाही. डॉप्लरने रक्ताचा आणि स्नायूचा वेग मोजला की हृदय किती सैल होतं ते कळतं.

रिपोर्ट दाखवताना डॉक्टरांना हे विचारा:

१. डायस्टोलिक डिसफंक्शन आहे का? कोणती ग्रेड? ग्रेड १ उतारवयात पुष्कळांना असते. तेवढ्यावरून हार्ट फेल्युअर ठरत नाही. ग्रेड २ आणि ३ मध्ये हृदयातला दाब वाढलेला असतो.

२. डावा वरचा कप्पा मोठा झाला आहे का?

३. ‘ई बाय ई प्राईम’ किती? सरासरी १४ च्या वर असेल तर दाब वाढल्याची शंका येते.

इको झोपवून करतात, त्रास मात्र चालताना होतो. म्हणून इको ठीक असूनही दम लागत असेल, तर बीएनपी ही रक्ततपासणी करायची का, तेही विचारा.

आपल्या हातात काय?

बीपी आणि साखर ताब्यात ठेवा. तिशीनंतर दोन्ही तपासण्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होतात. बरं वाटलं म्हणून बीपीची गोळी बंद करू नका. दिवसाचं मीठ माणशी एका चहाच्या चमच्याच्या आत ठेवा. पापड, लोणचं, सुकट, खारे बोंबील यांतलं मीठही त्यात धरा. सूज असेल तर रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच डॉक्टरांना दाखवा. बसल्या जागी दम लागला तर वाट न पाहता दवाखाना गाठा, १०८ ला फोन करा.

औषधंही आहेत. लघवीवाटे जादा पाणी काढणाऱ्या गोळ्यांनी सूज उतरते. मधुमेहासाठी आलेली डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं या आजारातही उपयोगी ठरली आहेत. पण दुसऱ्याची चिठ्ठी पाहून ती घेऊ नका.

इको करणारा पुरुष असेल, तर महिला कर्मचारी सोबत हवी असं सांगा. तो तुमचा हक्क आहे. रिपोर्टाची प्रतही मागून घ्या. पुढच्या वर्षीच्या रिपोर्टाशी ताडून पाहायला तीच उपयोगी पडते.