अँटेना मातीवर टेकवून पाहा

तळेगाव एमआयडीसी पसरत गेली तशी नवलाख उंबऱ्यात भातखाचरांशेजारी पत्र्याची शेड उभी राहिली. अशा जागी जमिनीखालची पाइपलाइन शोधायला ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार, म्हणजे जीपीआर, फिरवायचा तर मावळचा पाऊस आणि चिकण माती आडवी येते. स्वतः अल्ट्रा-वाइडबँड अँटेना बनवणाऱ्यांची फसगत मात्र बहुधा त्याआधी लॅबमध्येच झालेली असते.

अमेरिकेच्या एफसीसीने 2002 मध्ये 3.1 ते 10.6 गिगाहर्ट्झचा पट्टा अल्ट्रा-वाइडबँडसाठी खुला केला आणि कॉलेजांतल्या कित्येक प्रोजेक्टांनी तोच धरला. त्यात अँटेना तळहाताएवढी होते, एफआर-4 या सर्किट बोर्डाच्या तुकड्यावर मावते. मोह समजण्यासारखा आहे. पण ओल्या चिकण मातीत एवढ्या वारंवारतेचे तरंग वरच्या वरच विरतात. पाइपासाठी काही शे मेगाहर्ट्झ लागतात, म्हणजे अँटेना मोठी होणार. हे कागदावरच मान्य करावं.

व्हीएनएच्या, म्हणजे व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझरच्या, पडद्यावर उणे 10 डीबीखाली गेलेली परावर्तनाची रेघ पाहून अँटेना पास करू नये. ती रेघ हवेतली असते. अँटेना मातीवर टेकवली की रेघेतली दरी खालच्या वारंवारतेकडे सरकते. शिवाय ती रेघ पल्स किती वेळ रेंगाळते ते थेट सांगत नाही, आणि जीपीआरमध्ये खरं दुखणं तेच.

ओल्या मातीचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट 16 धरा. तरंगाचा वेग हवेच्या चौथाई, नॅनोसेकंदाला साडेसात सेंटिमीटर. बो-टायच्या आकाराच्या अँटेनाच्या टोकांवर आपटून पल्स 10 नॅनोसेकंद घुमत राहिली, तर वरचे सुमारे 37 सेंटिमीटर झाकले जातात. टोकांकडे रेझिस्टर लावले की घुमणं आटोक्यात येतं. थोडी शक्ती वाया जाते. खुशाल जाऊ द्यावी.

अँटेनाची पाठ उघडी ठेवली तर आणखी गंमत. सहा मीटरवरच्या शेडवरून आलेला प्रतिध्वनी 40 नॅनोसेकंदांनी पोचतो आणि पडद्यावर दीड मीटर खोल पुरलेल्या पाइपासारखा दिसतो! मागे धातूचं कवच आणि आत शोषक फोम हवाच. तरीही शंका आली तर प्रतिध्वनीची पडद्यावर उमटणारी कमान पाहावी: हवेतून आलेली फार पसरट असते.

शेवटचं काम फावड्याचं. मोजलेल्या खोलीवर लोखंडी पाइप पुरा, त्यावरून अँटेना फिरवा. मे महिन्यात एकदा आणि ऑगस्टमध्ये पुन्हा, कारण पावसानंतर त्याच मातीतला वेग बदललेला असतो.